लाल बटनाचं कुंकू

सुभद्राबाईला हळू बोलता येत नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. निम्मं आयुष्य उसाच्या फडात गेलेलं. या टोकावरून त्या टोकाला हाक मारायची तर घसा मोकळाच लागतो. तेलगावजवळ कापसाची कंपनी निघाली, दवाखान्यात लागतात ते पांढरेशुभ्र रोल बनवणारी, आणि बाई तिथं कामाला लागली. मग तर तिचा आवाज मशिनीच्याही वर गेला! डोक्यावर पत्रा, प्यायला गार पाणी, आणि दिवाळी झाली की बिऱ्हाड पाठीवर टाकून कुठं जायला नको. भेटेल त्याला सांगायची, "आता आमी कंपनीवाल्या हाय!" ऐकणाऱ्याला वाटावं, मालकीण हीच.

त्याच भरात तिनं शेजारच्या सरस्वतीबाईची सून दिपाली, तिलाही कामाला लावलं. सरस्वतीबाईनं सारा जन्म कोयता चालवलेला, पण यंत्राला लई भ्यायची.

"हात-बित गेला तर गं?"

"माज्या डोळ्यापुढं ऱ्हाईल तुजी सून. तिला खरचटलं तरी मला धर!" सुभद्राबाईनं छाती ठोकून सांगितलं. झालं, शब्द देऊन बसली.

आता कंपनीची तऱ्हा ऐका. मालक रुद्रेशशेठ, तरणा माणूस, वर काचेच्या ऑफिसात बसायचा. खाली खातं सांभाळायला त्रिंबक सुपरवायझर. हा गावचाच, दिपालीच्या नवऱ्याचा भावकीतला थोरला भाऊ. माणूस वाईट नव्हता, पण डोक्यात एकच किडा: मशीन थांबायला नको. महिनाभर मशीन थांबली नाही तर साऱ्या खात्याला पेढे. आणि कुणी थांबवलीच, तर तिचं नाव गेटवरच्या भोंग्यावर!

एकदा खात्यातल्या बायनाबाईला कापसातून जळका वास आला म्हणून तिनं मशिनीचं लाल बटन दाबलं. बघितलं तर काहीच नाही. संध्याकाळी भोंगा बोंबलला, "बायनाबाईनं मशीन थांबवली, समद्यांचे पेढे गेले!" त्यानंतर कितीतरी दिवस बायकांनी तिला जेवायला जवळ बसू दिलं नाही. काय म्हणावं या कर्माला! एका पेढ्यासाठी बाईमाणूस वाळीत टाकलं. मग मात्र लाल बटनाकडे कुणाचा हात गेला नाही.

पुढे खंडेनवमी आली. कोयत्याची पूजा करतो, तर मशिनीची का नाही? सुभद्राबाईनं हळद-कुंकू वाहिलं आणि सगळ्यात ठसठशीत बोट लावलं ते लाल बटनाला. गोल, लालभडक, शेंदूर फासलेल्या देवासारखंच दिसायचं ते! मग रोजचाच नेम झाला. कामावर आली की बटनाला कुंकू, वर तेलाचं बोट. बाकीच्या बायका पाया पडायला लागल्या. एकीनं हार घातला. त्रिंबकला तर आयतंच फावलं. "देवाला हात लावत नसत्यात बरं का बायांनो," म्हणायचा आणि मिशीतल्या मिशीत हसायचा.

वर्ष होत आलं. एका दुपारी दिपाली फिरत्या रुळांशी कापूस सारत होती. त्रिंबक नेहमीसारखा फेरीला आला. थोरला दीर समोर आला की डोक्यावर पदर घ्यायचा, हे तिच्या अंगात मुरलेलं. कमरेला खोचलेला पदर तिनं झटक्यात सोडला, डोक्यावर ओढला, आणि टोक गेलं रुळात!

ओरडायलाही सवड मिळाली नाही पोरीला. मान खाली खाली ओढली जायला लागली.

"अगं माय माजे!" सुभद्राबाई धावली. हात बटनापाशी गेला आणि खरं सांगतो, तिथंच थबकला. देव होता ना तो! शिवाय भोंगा. पण मग तिला दिपालीचे डोळे दिसले. हार ओरबाडून तिनं तळहात हाणला.

बटन हललंच नाही!

वर्षभराचं कुंकू आणि तेल कडेनं घट्ट बसून बटन पार चिकटून गेलं होतं. तिचंच कुंकू! पुन्हा हाणलं. नाही. तिकडे दिपालीचा खांदा रुळाला टेकायला आला. "सोड रं देवा, सोड!" असं किंचाळत सुभद्राबाईनं कोपर लावलं आणि अंगाचा सगळा भार त्यावर टाकला.

खट्! मशीन थांबली.

दिपाली सुटली. पदर फाटला, मानेवर लालबुंद वळ उठला, पण पोर धडधाकट होती. सुभद्राबाईनं तिला पोटाशी धरलं आणि दोघी भोकाड पसरून रडल्या.

पुढे गेलेला त्रिंबक पळत माघारी आला. "मशीन कुनी..." एवढं म्हणाला आणि रुळात अडकलेला पदर त्याला दिसला. रुद्रेशशेठही जिना उतरून धावत आला.

"बटन होतं ना? लगेच का नाही दाबलं?"

"दाबलं शेठ! दबंना!" सुभद्राबाई कडाडली. "माज्या कुंकवानं बसलंय ते. माजी चूक हाय, शंभरदा माजी! पर आता तुमीबी ऐका. थांबवनारीचं नाव भोंग्यावर का म्हून घेता? चोर हाय का ती? बाई बटनाच्या पाया पडती अन् दाबायला भेती, असली कसली तुमची कंपनी?"

त्रिंबक खाली बघत म्हणाला, "शेठ, हात लावू नका म्हनून मीच सांगत होतो."

"आणि पेढ्याचं डोकं माझं होतं," रुद्रेश म्हणाला. तो तडक गेटवर गेला आणि भोंगा लागला. "आज सुभद्राबाईंनी मशीन थांबवली. दिपाली सुखरूप आहे. समद्यांना पेढे!"

अहाहा! काय गलका केला बायकांनी! बायनाबाई तर रडता रडता हसायला लागली. तिथल्या तिथं ठरलं: बटन घासून साफ करायचं, रोज सकाळी प्रत्येकीनं ते दाबून बघायचं आणि मगच कामाला लागायचं. त्रिंबक स्वतः म्हणाला, "कामावर मी कुनाचा दीर न्हाई. पदर खोचलेलाच ठेवा."

पण हे सरस्वतीबाईला कोण पटवणार? सुनेच्या मानेवरचा वळ बघून ती दारात आडवी बसली. "न्हाई जायचं. दिवाळी झाली की चल कोयत्यावर. ऊस काय मान वढत न्हाई." दिपालीला काम सोडायचं नव्हतं, पण सासूपुढे बोलणार कोण? दिलेला शब्द मातीत गेला म्हणून सुभद्राबाईचा जीव नुसता तळमळत होता.

सकाळी ती सरस्वतीबाईपुढे जाऊन उभी राहिली. "चल माज्यासंगं. तुज्या हातानं बघ, मग काय ते ठरव." दिपालीला मागे घेऊन तिनं म्हातारीला जवळजवळ ओढतच कंपनीत नेलं.

मशीन सुरू झाली तशी सरस्वतीबाईनं कानावर हात ठेवले. सुभद्राबाईनं तिचा एक हात धरून बटनावर ठेवला.

"दाब."

"मी? मी कोन गं दाबनारी?"

"कुनीबी दाबावं. दाब!"

खट्. मशीन थांबली. सरस्वतीबाईनं दचकून इकडेतिकडे पाहिलं. त्रिंबक समोरच होता, गुपचूप उभा.

"कुनी वरडलं न्हाई?"

"न्हाई."

मशीन पुन्हा सुरू केली. म्हातारीनं पुन्हा दाबलं. मग आणखी एकदा, आणि आता ती लहान पोरीसारखी खिदळत होती! हसू विरलं तरी बटनावरचा हात काही काढेना.

"फडात माज्या पोटात कळा येत हुत्या," ती म्हणाली, "तर मुकादम म्हनला, आधी मोळी बांध, मग जा. उसातच बाळंत झाले मी."

सरस्वतीबाईनं सुनेला जवळ ओढलं, तिचा पदर कमरेला गच्च खोचला आणि तिला मशिनीपुढे उभं केलं.

"काय बी वाटलं की दाब," ती म्हणाली. "कुनाला इचारू नको."