दाजींची बोटं आणि घासायचं मशीन

‘मिस्त्री, टेबल झालं का?’ असं कुणी विचारलं तर आमचे दाजी टेबलाकडे बघत नसत. डोळे मिटत, मान किंचित तिरकी करत आणि उजवा तळहात फळीवरून सावकाश ओढत नेत. तेवढा वेळ गिऱ्हाइकानं श्वास रोखून उभं राहायचं. मग दाजी म्हणत, ‘झालं,’ किंवा म्हणत, ‘अजून दोन दिवस.’ त्यावर अपील नव्हतं. एकदा एक बँकेचे मॅनेजर म्हणाले, ‘मला तर गुळगुळीतच वाटतंय.’ दाजींनी त्यांचं बोट धरलं, पहिलीतल्या पोराकडून अक्षर गिरवून घ्यावं तसं एका जागेवरून फिरवलं आणि विचारलं, ‘लागलं काही?’

‘नाही.’

‘म्हणून तुम्ही बँकेत आणि मी इथं.’

हे दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सुतारकामात अडतीस वर्षं झाली. कापायला मशीन, भोकं पाडायला मशीन, सगळं त्यांनी हळूहळू घेतलं, पण शेवटचं घासकाम हातानंच. लाकडाच्या ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळायचा आणि घासत बसायचं. ताई म्हणायची, ‘माझ्याकडे बघायला वेळ नाही, पण फळीला तासतास कुरवाळतील.’ दाजी म्हणायचे, ‘फळी उलटून बोलत नाही.’

यंदा मात्र एका वाचनालयाचं काम आलं. आठ लांब टेबलं, वरून व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, चिकटवलेला, तीन आठवड्यांत हवी. हातानं घासत बसले तर टेबलं पोचेपर्यंत वाचकांचे चष्म्याचे नंबर बदलतील, असं ताईनं सांगून टाकलं. घासायचं मशीन घ्यायचंच, असं ठरलं. आणि शनिवारी सकाळी दाजींनी मला फोन करून सांगितलं, ‘मास्तर, चला माझ्याबरोबर. दुकानात जायचंय.’

मी शाळेत इतिहास शिकवतो. हे घासायचं मशीन, म्हणजे सँडर, आणि मिक्सर शेजारी ठेवले तर दोन्हीत चटणी करून बघेन. मला कशाला नेताय, म्हणून विचारलं. दाजी बसमध्ये खिडकीशी बसले आणि तीन थांबे गेल्यावर बाहेर बघतच म्हणाले, ‘बोटं झोपलीत.’

‘काय?’

‘दोन महिने झाले. अंगठा आणि ही दोन. हातमोजा घालून शिवल्यासारखं वाटतं. फळी लागतच नाही हाताला.’

मी विचारलं, ‘डॉक्टरला दाखवलंत?’

‘दाखवायला काय आहे? डॉक्टर म्हणेल काम बंद करा. तुमच्या ताईला कळलं तर डॉक्टरच्या आधी तीच बंद करेल.’ मग आवाज अगदी खाली आणून म्हणाले, ‘मशीन थरथरतं, मास्तर. आहे तेवढं पण गेलं तर? मी काय करायचं मग? मला दुसरं काही येत नाही हो.’

दाजी असं कधी बोलत नाहीत. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि बसची खिडकी उघडी होती. मला बरोबर का घेतलं ते तेव्हा कळलं. घाबरलेल्या माणसाला शेजारी कुणीतरी लागतं, आणि लाकडातलं काही न कळणारा कुणी असला तर सगळ्यात उत्तम.

हत्यारांचं दुकान लांबट, अंधारं. दोन्ही बाजूंना छतापर्यंत कपाटं, मधे एक जुना कामाचा बाक. मालकीणबाई पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर चढवलेला. हातात पान्हा असा की जन्मतःच आला असावा. दाजींना बघून म्हणाल्या, ‘मिस्त्री, तुम्ही आणि सँडर? आज दुकानाचं छत कोसळणार.’

आणि आमचं नशीब असं की बाकाजवळ ठोके उभा होता. ठोके हे त्याचं खरं नाव नव्हे. सांधा जमला नाही की तिथं खिळा ठोकून मोकळा होणारा सुतार, म्हणून सगळे त्याला ठोके म्हणत. दाजींचा त्याच्यावर राग नव्हता, पण त्यानं केलेल्या खुर्चीवर ते बसत नसत.

‘काय मिस्त्री,’ ठोके म्हणाला, ‘थकला का हात?’

‘तुझे खिळे काढून काढून थकला.’

बाक हसला. म्हणजे बाकाभोवतीचे चार-पाच जण हसले. दाजी मात्र उजवा हात खिशात घालून उभे होते, आणि खिशातल्या खिशात बोटं अंगठ्यावर घासत होते. मला ते दिसत होतं.

मालकीणबाईंनी तीन मशीनं काढून मांडली. पहिलं पट्ट्याचं. ‘हे तुम्हाला नको,’ त्या म्हणाल्या. ‘हे घोडं आहे. जाड लाकूड उडवायला ठीक, पण व्हिनिअरवर ठेवलंत तर चहाचा घोट घेईपर्यंत खालचं प्लाय दिसायला लागेल.’ दुसरं चौकोनी बुडाचं. ‘स्वस्त आहे, कोपऱ्यात जातं, पण संथ. आणि हात फार हलवतं.’ तिसरं गोल. ‘हे फिरतं आणि फिरता फिरता सरकतंही, म्हणून गोल ओरखडे कमी उठतात. वेग कमीजास्त होतो. धूळ पिशवीत जाते. टेबलासाठी मी हे सांगेन. पण माझ्यावर जाऊ नका. चालवून बघा.’

आता इथं एक रिवाज होता, आणि तो दाजींनीच पाडलेला. या दुकानात काहीही घासायचं म्हटलं, की दाजी पाठ करून उभे राहत. कुठल्या तुकड्यावर काय फिरवलं ते बघायचं नाही. डोळे फसवतात, असं त्यांचं म्हणणं. मग वळून, डोळे मिटून, हातानं सांगायचं. दुकानातली माणसं हातातली कामं टाकून हे बघायला येत. गेल्या वर्षी त्यांनी एकशे वीस नंबरचा पेपर आणि एकशे पन्नासचा, नुसत्या तळहातानं ओळखले होते.

‘पाठ करा, मिस्त्री,’ ठोके म्हणाला.

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी इतिहासाचा मास्तर, पण पळवाट एकही आठवली नाही. आज घाई आहे, असं मी म्हणालो. ‘मग पटकन पाठ करा,’ ठोके म्हणाला.

दाजी वळले. मागे बाईंनी एका फळीवर खडूनं तीन चौकोन आखले. एक मशीन सुरू झालं, थांबलं. दुसरं सुरू झालं, थांबलं, पुन्हा थोडं फिरलं. मीही त्यांच्याबरोबर पाठ करून उभा होतो, दाजींचा चेहरा माझ्या शेजारीच होता. कानाच्या पाळ्या पांढऱ्या पडल्या होत्या. परीक्षेच्या हॉलमध्ये पोरांचे चेहरे मी तीस वर्षं बघतोय, पण पेपर कोरा जाणार हे माहीत असलेला चेहरा इतका शांत कधी पाहिला नव्हता.

‘या,’ बाई म्हणाल्या.

दाजींनी हात खिशातून काढला. डोळे मिटले, मान तिरकी केली, अगदी नेहमीसारखी. पहिल्या चौकोनावरून तळहात गेला. दुसऱ्यावरून. तिसऱ्यावरून. पुन्हा मधल्यावर आला आणि थांबला.

‘हा,’ दाजी म्हणाले. ‘मधला. सगळ्यांत चांगला.’

मग ठोके म्हणाला, ‘मिस्त्री, मधल्याला मशीन लावलेलंच नाही. तो बाईंनी कोरा ठेवलाय, फरक कळावा म्हणून.’

आता सगळं बाहेर येणार. संध्याकाळपर्यंत गावभर आणि उद्या सकाळी वाचनालयात. दाजींनी डोळे उघडले नाहीत. एक क्षण, दोन क्षण. आणि मग म्हणाले, ‘तेच सांगतोय की. मशीन नको.’

दुकान फुटलं हसून. ठोकेनं बाकावर थाप मारली. ‘हा माणूस,’ तो मला म्हणाला, ‘मरताना यमाला पण तासायला लावेल.’ दाजीही हसले. तोंड हसत होतं, हात पुन्हा खिशात गेला होता. अडतीस वर्षं जो हात कधी चुकला नाही, त्याला कोरी फळी आणि घासलेली फळी यातला फरक कळला नव्हता. तिथल्या इतक्या माणसांत हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं.

म्हणजे मला तसं वाटलं होतं. मालकीणबाई हसल्या नव्हत्या.

गर्दी पांगल्यावर दाजींनी गुपचूप बोट दाखवलेलं गोल मशीन त्यांनी खोक्यात घातलं, आणि खोकं बांधता बांधता, जणू सुतळीशी बोलताहेत अशा आवाजात म्हणाल्या, ‘घासायच्या आधी फळीवर पेन्सिलीनं आडव्या-उभ्या रेघोट्या मारायच्या. रेघोट्या गेल्या की तेवढी जागा झाली. ऐंशी नंबरच्या खरखरीत पेपरनं नको, एकशे वीसनं सुरू करा, व्हिनिअर पातळ आहे. दाबायचं नाही, मशीनचं वजन पुरतं. आणि अर्ध्या अर्ध्या तासानं हात मोकळा करायचा.’

‘मला माहीत आहे,’ दाजी म्हणाले.

‘माझ्या सासऱ्यांना पण सगळं माहीत होतं,’ बाई म्हणाल्या. ‘त्यांची पण अंगठ्यापासून सुरुवात झाली.’

दाजींचा चेहरा उतरला. खोक्याकडे बघत त्यांनी विचारलं, ‘परत आलं?’

‘थोडं. मनगटात शीर दबली होती. उशिरा दाखवलं, म्हणून थोडंच.’ त्यांनी सुतळीची गाठ मारली. ‘तुम्ही उशीर करू नका.’

परतीच्या बसमध्ये खोकं दाजींच्या मांडीवर होतं. कुणाचं तरी तान्हं मूल सांभाळायला दिल्यासारखं त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं होतं. ‘थोडंच,’ ते एकदा म्हणाले. आणि उतरायच्या आधी पुन्हा म्हणाले, ‘थोडंच परत आलं म्हणाली.’ मी म्हणालो, ताईला सांगा. ते म्हणाले, ‘टेबलं होऊ देत.’ मी म्हणालो, मग मी सांगतो. त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की माझी नोकरी, माझं वय आणि माझं मेहुणेपण, सगळं मला एकदम आठवलं.

घरामागच्या शेडमध्ये पहिलं टेबल तयार होतं. दाजींनी रेघोट्या मारल्या, मशीनला पेपर लावला आणि मशीन हातात घेऊन उभे राहिले. बटणावर बोट ठेवलं, काढलं. पाणी प्यायले. पुन्हा बोट ठेवलं. दाराशी स्टुलावर बसून मी हे चौथ्यांदा बघत होतो, तेव्हा त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले, फटाका पेटवताना मिटावेत तसे, आणि बटण दाबलं.

मशीन गुरगुरलं. दाजींच्या खांद्यापर्यंत कंप गेला. पण ते सोडून पळाले नाहीत. टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले, वळले, परत आले. दर दोन मिनिटांनी मशीन थांबवून अंगठा चिमटीत धरून बघत. आहे का अजून, गेला का, असं. मला बघवेना. तासाभरात रेघोट्या गेल्या. टेबल फिकं, स्वच्छ दिसत होतं. दाजींनी फडक्यानं पुसलं आणि हात वर उचलला. हात फळीच्या वर वीतभर तसाच राहिला. खाली आला नाही.

तेवढ्यात ताई चहा घेऊन आली. ‘आवाज थांबला म्हणून आले,’ ती म्हणाली. ‘झालं का?’

दाजी म्हणाले, ‘तू बघ.’

लग्नाला तेहतीस वर्षं झाली. त्यात हे शब्द ताईनं पहिल्यांदाच ऐकले असावेत. तिनं कप माझ्या हातात दिले, दोन्ही कप, आणि पदराला हात पुसून टेबलावरून फिरवला. एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. मग डाव्या कोपऱ्याशी थांबली. ‘इथं खरखरतंय.’

‘कुठं?’

‘हे काय, इथं.’ तिनं त्यांचा हात धरला आणि बोटं त्या जागेवर ठेवली. ‘कळतंय?’

दाजींनी बोटं तिथंच दोनदा पुढं-मागं केली.

‘अहो, कळतंय का?’

‘नाही,’ दाजी म्हणाले.

मी हातात दोन कप घेऊन स्टुलावर बसलो होतो आणि दोन्ही बशीत सांडत होते. मला वाटलं, आता ताई बोलायला लागेल आणि रात्रीपर्यंत थांबणार नाही. पण तिनं हात सोडला नाही. त्यांची तीन बोटं तिनं एकेक करून दाबली, आधी हळू, मग जोरात, आणि दर वेळी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

‘दोन महिने,’ ती शेवटी म्हणाली, ‘तुम्ही गरम पातेलं फडक्याशिवाय उतरवताय. मला वाटलं, म्हातारपणी बायकोला मदत करायची हुक्की आली.’

‘अगं, तुला कळलं होतं तर—’

‘कळलं नव्हतं. भीती वाटत होती. विचारलं आणि तुम्ही हो म्हणालात तर काय करू, म्हणून विचारलं नाही.’ तिचा आवाज एवढ्यावर फाटला. तिनं तो चटकन शिवला. ‘सोमवारी सकाळी डॉक्टर. मी नंबर लावते.’

‘आणि टेबलं?’

‘घासा तुम्ही अर्धा अर्धा तास. हात मी फिरवीन. डॉक्टर नको म्हणाले तर मशीन मी धरीन आणि तुम्ही शेजारी उभं राहून शिव्या द्या. तेवढं तुम्हाला जमतं.’

‘तू टेबल खराब करशील.’

‘तुमचंही खरखरतंयच की.’

दाजी स्टुलावर बसले. मला उठावं लागलं, कारण स्टूल एकच होतं आणि मी त्याच्या कडेला टेकलो होतो. त्यांनी चहाचा कप घेतला, डाव्या हातानं. उजवा हात मांडीवर उलटा पडला होता, तळवा वर, दुसऱ्या कुणाचा तरी ठेवायला घेतल्यासारखा. त्याच्याकडे बघत त्यांनी अर्धा कप संपवला.

‘अगं,’ ते म्हणाले, ‘डॉक्टर सुया टोचून बघतात म्हणे.’

‘बघू देत.’

‘टोचली आणि कळलंच नाही तर?’

ताई टेबलाच्या त्या कोपऱ्यावर उगाच हात फिरवत राहिली.

‘आत येशील ना माझ्याबरोबर?’ दाजींनी विचारलं. ‘दारापर्यंत नाही. आत.’

‘येईन.’

‘आणि मास्तर?’

‘तो बाहेर बसेल,’ ताई म्हणाली. ‘आत दोघंच घाबरलेले पुरेत.’