गोपाळ यांस ३३

नाशिकच्या मुलींच्या शाळेत चौथीला शिकवणाऱ्या चिमणाबाई पिंगळे कुणाकडे गेल्या की थेट स्वयंपाकघर गाठत. चहा नको म्हणत आणि फडताळावरचं एखादं जुनं ताट खाली काढायला लावत. ताटाच्या काठावर पातळ कागद धरून त्यावरून पेन्सिल घासली की कोरलेली अक्षरं कागदावर उतरत. असे तीनशे बारा ठसे त्यांनी नऊ वर्षांत जमवले होते. प्रत्येकाच्या पाठीवर आळी, घर आणि दिवस लिहिलेला असे. शेजारणी हसत, "मास्तरीणबाई भांडी घासायला येतात की वाचायला?" बाई म्हणत, "वाचायला. घासून घासून निम्मं तर तुम्हीच पुसलंत."

कुणाच्या घरी काय जुनं आहे, ते त्यांना कल्हईवाला निसार सांगे. गावातल्या निम्म्या चुलींपुढची भांडी त्याच्या हातून गेलेली. "बाई, राखेनं नका घासू, चिंच लावा. अक्षर आपोआप वर येतंय," हे त्यानेच शिकवलं होतं.

ठशांमधून बाईंना जे दिसे, ते कोणत्याही बखरीत नव्हतं. एका घागरीवर एकाखाली एक तीन बायकांची नावं होती. तिघी एकाच पुरुषाच्या, एकीमागून एक आलेल्या. पहिल्या दोघी बाळंतपणात गेल्या, आणि घागर तिसरीच्या नावाने पुन्हा कोरली गेली. त्या घराण्याची वंशावळ गावातल्या इतिहास मंडळाने छापली होती. तीत पुरुषाचं नाव होतं, त्याच्या घोड्याचं नाव होतं, या तिघींपैकी एकीचंही नव्हतं.

बाईंनी या सगळ्यावर चाळीस पानांचा निबंध लिहिला. तो मंडळाच्या वार्षिक अंकात आपल्या नावाने छापून यावा, एवढंच त्यांचं मागणं होतं. मंडळाचे चिटणीस त्र्यंबकराव दाणी यांनी तो दोनदा परत पाठवला. पहिल्यांदा शेरा मारला, की हा विषय इतिहासाचा नसून स्वयंपाकघराचा आहे. दुसऱ्यांदा लिहिलं, की लेखन नेटकं आहे, एखाद्या महिलांच्या मासिकाकडे धाडावं, ते लोक पाककृतींबरोबर घेतील. बाईंनी दोन्ही शेरे निबंधालाच टाचले आणि तिसऱ्यांदा स्वच्छ प्रत करायला बसल्या. यजमान म्हणाले, की आता पुरे कर. त्या म्हणाल्या, "ठसे पुरे झाले की मीही पुरे करीन."

छत्तीस साली भाद्रपद अधिक आला. धोंड्याचा महिना, म्हणजे घरोघर जावयांची चंगळ. त्याच महिन्यात मंडळाची वार्षिक सभा भरली. बायकांना सभेत बसायला मनाई नव्हती, पण बसत कोणी नसे. चिमणाबाई मागच्या बाकावर जाऊन बसल्या. निबंध पिशवीत होता.

त्र्यंबकरावांचं भाषण हा त्या दिवशीचा मुख्य कार्यक्रम होता. त्यांना तांब्याचं एक जुनं ताट मिळालं होतं. काठावर 'गोपाळ यांस' एवढी अक्षरं शाबूत होती, पुढची झिजली होती, आणि शेवटी ३३ हा आकडा होता. त्र्यंबकरावांनी फळ्यावर खडूने मधली जागा भरून दाखवली: गोपाळ यांस इनाम, शके १६३३. यावरून त्यांनी सिद्ध केलं, की तांबटांची ती आळी एका गोपाळ नावाच्या कारागिराला इनाम मिळाली आणि ती समजतात त्यापेक्षा शंभर वर्षं जुनी आहे. हा ताम्रपटच म्हणायचा, फक्त आकाराने गोल, असं म्हणून ते बसले. टाळ्या पडल्या.

अध्यक्ष म्हणजे एक वृद्ध वकील. कुणाला काही विचारायचं आहे का, असं त्यांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, आणि मागच्या बाकावरून चिमणाबाई उठल्या. त्र्यंबकराव लगेच म्हणाले, की बाईंचा विषय आपल्याला ठाऊक आहे, तो आजच्या कार्यक्रमात नाही.

"विषय तुमचाच आहे," बाई म्हणाल्या. "एकच विचारते. या महिन्यात सासुरवाडीला जाऊन आलात का?"

सभेत हशा पिकला. त्र्यंबकराव गोरेमोरे झाले. जाऊन आलो, असं त्यांनी कसंबसं सांगितलं.

"किती अनारसे वाढले?"

उत्तर अध्यक्षांनी दिलं. "तेहतीस," ते हळूच म्हणाले. परवाच तेही सासुरवाडीहून वाण घेऊन आले होते.

बाईंनी पिशवीतून अकरा कागद काढले आणि अध्यक्षांपुढे ओळीने मांडले. अकरा घरांतल्या अकरा ताटांचे ठसे. कुठे 'विठ्ठल यांस ३३', कुठे 'दामोदर यांस ३३'. एक ताट फारसं वापरात आलं नव्हतं, त्यावर सगळी अक्षरं जागच्या जागी होती: जावई गोविंद यांस अधिकाचे वाण ३३. एरवीच्या जेवणात मिसळू नये म्हणून वाणाच्या ताटावर आकडा घालत, असं त्या घरच्या म्हातारीने सांगितलं होतं. "हे इनाम नाही, अनारसे आहेत," बाई म्हणाल्या. "इथे बसलेले सगळे जावई आहेत. दर तीन वर्षांनी हे ताट सगळ्यांच्या पुढ्यात येतं. पण स्वयंपाकघरातलं म्हणून कुणी वाचलं नाही."

अध्यक्षांनी अकराही ठसे एकेक करून वाचले.

सभा संपल्यावर त्र्यंबकराव स्वतः चालत मागच्या बाकापाशी आले. अकरा ठसे द्या, मी माझा लेख दुरुस्त करतो, असं ते म्हणाले. तळटीपही मनात जुळवून आणली होती: 'एका भगिनीने सुचविल्यावरून'.

बाईंनी कागद गोळा करून पिशवीत घातले. "त्र्यंबकराव, या अकराही ताटांवर घेणाऱ्याचं नाव आहे. ज्या बाईने तांदूळ भिजवण्यापासून अनारसे केले, तिचं एकावरही नाही. ताटाचं झालं ते झालं, अंकात तसं नको. निबंध अख्खा छापा, माझ्या नावाने. ठसे त्यातच आहेत."

त्र्यंबकरावांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष चष्मा पुसत होते. ते म्हणाले, की त्र्यंबकरावांचा लेख दुरुस्त व्हायचा तर आधी बाईंचा छापावा लागेल, नाहीतर वाचणाऱ्याला काही कळायचं नाही. मग त्यांनी हात पुढे केला. बाईंनी निबंध दिला, पण दोन्ही शेऱ्यांची टाचणी काढली नाही.

अंक निघायला सहा महिने लागले. अधिक मास संपायला मात्र आठच दिवस उरले होते. चिमणाबाईंची लेक आदल्या वर्षी सिन्नरला दिलेली, आणि जावयाचं हे पहिलंच वाण. नवं ताट घेऊन त्या नाव घालणाऱ्या बहिरू तांबटाकडे गेल्या. मजकूर कागदावर लिहून आणला होता: 'वामन यांस अधिकाचे वाण ३३, चिमणाबाई यांजकडून, शके १८५८.'

बहिरूने कागद ताटाच्या काठाशी लावून पाहिला आणि मान हलवली. एवढं मावायचं नाही, तेहतिसाच्या पुढचं सगळं काढू का, असं त्याने विचारलं.

"काढू नका," चिमणाबाई म्हणाल्या. "जावयाचं नाव जरा बारीक घाला."