जपूनरावांची चव्वेचाळीस पावलं

जपूनरावांना हे नाव मी ठेवलं. कागदोपत्री त्यांचं वेगळं नाव आहे, पण आता टपालवालासुद्धा ते वापरत नाही. माणूसच तसा. जिना उतरणाऱ्याला ‘जपून’, गरम चहा उचलणाऱ्याला ‘जपून’, आणि शेजारच्या पोराचं लग्न ठरलं तेव्हा त्याचा हात हातात घेऊन, अगदी गंभीरपणे, ‘जपून हं’. (पोराला त्या सल्ल्याची किंमत वर्षभरात कळली, पण ती कहाणी वेगळी.)

त्यांच्या घरात भाजी तीन पाण्यांनी धुतली जायची. पाणी उकळायचं, गाळायचं, पुन्हा उकळायचं. मुलगी लहान असताना तिला मातीत पाय ठेवू दिला नाही. बिचारी गच्चीवर सिमेंटवर खेळून मोठी झाली. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, “यांच्याशी संसार म्हणजे रोज काचेच्या दुकानात झोपायचं.” आम्ही हसायचो. खोटं कशाला बोलू, सगळ्यांत मोठ्याने मी हसायचो.

आमच्या रस्त्याच्या टोकाला पत्र्याच्या वस्तूंना मुलामा देणारा कारखाना होता. जपूनराव तरुणपणी तिथेच कामाला. तो बंद पडून अठ्ठावीस वर्षं झाली. छपरं गेली, भिंती गेल्या, उरला तो ट्रक तोलायचा वजनकाटा आणि एक मोठं उजाड मैदान, ज्यावर गवतही मन लावून उगवत नसे.

गेल्या वर्षी बातमी आली की सरकार अशा बिघडलेल्या जमिनी साफ करायला निधी देणार, आणि साफ झालेल्या जागेवर बालवाडी आणि खेळाचं मैदान होणार. रस्ताभर आनंदीआनंद. जपूनरावांच्या नातीचं नाव बालवाडीच्या यादीत पहिलं लागलं, कारण यादी करणारा मीच होतो. मला वाटलं, आता तरी चहा पाजतील. तर ते भिंतीला टेकले आणि खाली बसले.

“काय झालं हो?” मी विचारलं.

“काही नाही. जरा चक्कर.”

“निधी सरकारचा, घाम तुम्हाला?”

एरवी अशा टोल्यावर ते हसून मान हलवायचे. त्या दिवशी नुसते माझ्याकडे बघत राहिले. विहिरीत पडलेल्या माणसाने वरच्याकडे बघावं तसं.

त्या निधीची एक अट होती. आधी मातीची तपासणी. मैदानात दर पंचवीस मीटरवर एक खुंटी ठोकायची, प्रत्येक खुंटीपाशी यंत्राने खोल भोक पाडायचं, आतली माती बरण्यांत भरून प्रयोगशाळेत पाठवायची. जिथे विष सापडेल तेवढा भाग सरकारी पैशातून उकरून साफ करणार. जिथे सापडणार नाही, त्यावर ‘निर्धोक’ असा शिक्का. एकदा शिक्का बसला की फाइल बंद, आणि पुन्हा तिथे कोणी कुदळ मारणार नाही. हे सगळं तपासणीच्या मॅडमनी आम्हाला उभ्या उभ्या समजावून सांगितलं. मॅडम तरुण, उन्हात रापलेल्या, आणि बोलायला सुईसारख्या.

त्यांना खुंट्यांवर लक्ष ठेवायला जागेचा माहीतगार माणूस हवा होता. जपूनरावांना ठेवलं. आणि भोक पाडणाऱ्या यंत्रावर कोण? त्यांचाच जावई! उंच, दणकट, तोंडात सदा शीळ. रस्त्यावर मी लगेच जाहीर केलं की सरकारने सगळं खानदान कामाला लावलं आहे.

आता मला तेव्हा ठाऊक नसलेली गोष्ट सांगतो. पुढे वहिनींनी सांगितली, अर्धी रडत, अर्धी मला शिव्या देत.

कारखाना बंद व्हायच्या आधी फोरमनने जपूनरावांसकट चौघांना तीन दिवस थांबवून घेतलं होतं. हौदांच्या तळाचा गाळ आणि पत्र्यावरचं तेल काढायचं द्रावण, असं सगळं भरलेली चाळीस पिंपं. तोंडं डांबराने बंद केलेली. वजनकाट्याच्या पूर्वेला खड्डा खणून त्यांनी ती पुरली. पुरताना एक पिंप घसरलं, झाकण उडालं. जो सगळ्यांत जवळ होता तो दोन दिवस आंधळ्यासारखा चाचपडत होता आणि सहा महिन्यांत गेला. फोरमनने प्रत्येकाची एका कागदावर सही घेतली. कागदावर लिहिलं होतं, ‘रिकामी पिंपं’. वर म्हणाला, “झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडली तर सगळे आत जाल.” फोरमन वारला, बाकीचे दोघेही वारले. मूठ झाकून बसायला उरले एकटे जपूनराव. तो कागद कुठे आहे, हे त्यांना अठ्ठावीस वर्षं माहीत नव्हतं, आणि अठ्ठावीस वर्षं दारावर थाप पडली की त्यांना वाटायचं, आला कागद.

खुंट्या ठोकल्या गेल्या. सतरा नंबरची खुंटी खड्ड्याच्या अलीकडे, अठराची पार पलीकडे. दोन्हींच्या मधे चाळीस पिंपं निवांत झोपलेली. जपूनरावांनी ते पाहिलं आणि त्यांच्या पाचावर धारण बसली. तपासणीत काहीच सापडणार नव्हतं. शिक्का बसणार होता, आणि त्याच्यावर त्यांची नात घसरगुंडी खेळणार होती.

“सांगून टाका,” वहिनी म्हणाल्या.

“सांगू? सही माझी आहे त्यावर. मला नेतील. जावयाची नोकरी जाईल. पोरीला सासरी काय तोंड राहील?”

“मग गप्प बसा.”

“गप्प कसा बसू? पोर तिथे माती खाईल गं!”

आठवडाभर हेच. जेवण नाही, झोप नाही. मी आपला कुंपणापाशी जाऊन टोमणे मारतोय, “काय जपूनराव, खुंटीला जपताय की खुंटी तुम्हाला?” माझी जीभ तेव्हाच झडायला हवी होती.

शेवटी त्यांनी एक युक्ती काढली. घाबरट माणसाचीच युक्ती, न बोलता बोलायची. खड्डा कुठे आहे हे त्यांच्या पायांना पाठ होतं. वजनकाट्याच्या कोपऱ्यापासून तीस पावलांवर सुरू, बेचाळीसवर संपला. फोरमनच्या हुकमावरून त्यांनीच तेव्हा पावलं टाकून आखला होता. ठरवलं, सतराची खुंटी उपटायची आणि चव्वेचाळिसाव्या पावलावर ठोकायची, खड्ड्याच्या कडेच्या जरा पलीकडे. पिंपांना धक्का लागणार नाही, पण इतक्या वर्षांत झिरपलेलं तिथल्या मातीत असणारच. बरणी प्रयोगशाळेत जाईल, विष सापडेल, सरकार उकरेल. जपूनरावांचं नावही नको, गावही नको.

दुपारी सगळे जेवायला सावलीत गेले तेव्हा त्यांनी हे केलं. चोराच्या मनात चांदणं, तसे इकडे तिकडे बघत, ओठांत मोजत, चव्वेचाळीस पावलं. मी कुंपणापलीकडून पाहिलं. मला वाटलं, म्हातारा शतपावली करतोय, तीही अर्धवट.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र सतरा नंबरच्या खुंटीवर आलं. आम्ही चार रिकामटेकडे कुंपणाला लटकलेलो. मॅडम दूर बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या. जावयाने यंत्र सुरू केलं, आणि मग त्याच्या लक्षात आलं की पाण्याचा पाइप वजनकाट्याजवळच्या टाकीतून आणावा लागेल. यंत्र हाताखालच्या माणसावर सोडून तो खुंटीपासून वजनकाट्यापर्यंत मोजत गेला. लांब ढांगा टाकत, शीळ घालत. परत येताना सासऱ्याजवळ थांबून म्हणाला,

“बाबा, पाइप पुरेल. चौतीसच पावलं आहेत.”

“किती?”

“चौतीस. का?”

“चव्वेचाळीस आहेत.”

“तुमची असतील चव्वेचाळीस,” जावई हसला. “माझी चौतीस.” आणि कानांवर ती आवाज अडवणारी मोठी डबडी चढवून यंत्राकडे गेला.

जपूनराव जागच्या जागी उभे राहिले. त्यांनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते मला अजून दिसतं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी तेही या जावयाएवढेच उंच, याच्याएवढीच लांब ढांग. आता गुडघे गेलेले, पाऊल आखूड झालेलं. खड्डा आखला तरुण पायांनी, खुंटी ठोकली म्हाताऱ्या पायांनी. तीस ते बेचाळीसमधे चौतीस येतं, हे सांगायला गणिताचा मास्तर लागत नाही. खुंटी कडेला नव्हती. खुंटी पिंपांच्या डोक्यावर होती, आणि त्यावर पोरीचा नवरा पोलादाचं पातं फिरवत होता.

“थांबवा!” ते ओरडले. “अहो जावईबापू, थांबवा!”

यंत्राच्या गोंगाटात आम्हालाच जेमतेम ऐकू आलं, कान झाकलेल्याला काय ऐकू येणार? पातं फिरत होतं, माती गोल गोल वर येत होती. पिवळी, मग करडी. मग मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, तिच्यात काळे चकचकीत तुकडे यायला लागले. डांबर.

जपूनराव पळाले. ज्या माणसाने आयुष्यात कधी भरभर जिना चढला नाही, तो खड्ड्याखळग्यांतून, खुंट्यांच्या दोऱ्या तोडत पळाला. एकदा पडला, उठला. “अरे थांब! अरे मरशील! थांब रे!” असं ओरडत त्याने यंत्राच्या लाल बटणावर दोन्ही हात आपटले.

यंत्र बंद पडलं. आणि मग खालून वास आला. गोडसर. तो वास अजूनही कधीकधी माझ्या नाकात येतो, आणि मग मी जे खात असेन ते खाली ठेवतो.

“मागे व्हा सगळे! वाऱ्याच्या उलट बाजूला!” मॅडम ओरडल्या.

आम्ही धावलो. दोनशे पावलांवर जाऊन जपूनराव मातीत बसले, त्याच मातीत जिच्यात त्यांनी मुलीला कधी पाय ठेवू दिला नव्हता. आणि बोलले. पिंपं, डांबर, चाचपडणारा माणूस, फोरमन, सही, सगळं. मॅडम उभ्या राहून लिहून घेत होत्या. जावई ऐकत होता. शीळ बंद.

“खुंटी तुम्ही हलवलीत?” मॅडमनी विचारलं.

“हो.”

“हा माणूस मेला असता.”

“हो,” जपूनराव म्हणाले. एवढंच.

नंतर तोंडाला मुखवटे लावलेले लोक आले. पातं बाहेर काढलं तर टोकाला पिंपाच्या झाकणाचा रंग लागला होता. झाकण चेपलं होतं, फाटलं नव्हतं. अजून चार बोटं खाली गेलं असतं तर काय, हे मॅडमनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

खड्डा नेमका कुठवर आहे ते दाखवायला आठवड्याने जपूनरावांना बोलावलं. तोवर जावई त्यांच्याशी एक शब्द बोलला नव्हता. त्या दिवशी वजनकाट्यापाशी येऊन उभा राहिला.

“माझ्या पायांचा भरवसा नाही,” जपूनराव म्हणाले. “तुम्ही चाला. मी मोजतो.”

जावयाने काट्याच्या कोपऱ्याला टाच लावली. “त्या दिवशी अरे म्हणालात, बाबा. अरेच म्हणा.”

मग तो चालला आणि म्हातारा मोजत गेला. तिसाव्या पावलावर लाल खुंटी, बेचाळिसाव्यावर लाल खुंटी.

निधीतला मोठा भाग आता त्या खड्ड्यावर खर्च होणार म्हणे. बालवाडी लांबली. चौकशी होणार आहे, अहवालात जपूनरावांचं खरं नाव गेलं आहे, त्यामुळे टपालवाल्यालाही ते पुन्हा शिकावं लागेल. रोज सकाळी जपूनराव दारात बसून त्याची वाट बघतात. लिफाफा दिसला की गुडघ्यांवरचे हात घट्ट होतात. मी शेजारी बसतो. थट्टा सुचते, पण ओठांशी येऊन थांबते.

मॅडम सांगत होत्या की झिरपलेलं पाणी कुठवर गेलंय ते अजून मोजायचंय, कदाचित आमच्या रस्त्यापर्यंतही असेल. आमच्या घरी परवापासून भाजी तीन पाण्यांनी धुतली जाते. पाणी उकळलेलं.