घाऊक माफी

प्रायश्चित्ताच्या उपासाच्या आदल्या दिवशी चष्म्याच्या दुकानाचे मालक चष्मेवाले गल्लीभर माफी मागत फिरायचे. देवाविरुद्धचं पाप देव माफ करतो, पण माणसाला दुखवलं असेल तर आधी त्या माणसाने माफ करायला हवं, असा ज्यू धर्माचा नियम. आणि नियमाच्या बाबतीत चष्मेवाले भलतेच काटेकोर. काच उशिरा बसवली म्हणून गिऱ्हाइकाची माफी, गाण्याला हसलो म्हणून शेजारणीची माफी. बायको म्हणायची, "एवढा उत्साह वर्षभर नीट वागण्यात दाखवा की."

धाकट्या भावाकडे मात्र ते घाऊक माफी मागत. "कळत-नकळत काही चुकलं असेल तर माफ कर रे." भाऊ बसचालक, मोकळ्या मनाचा. "केलं, दादा," म्हणून हसत पाठीवर हात ठेवायचा. अशी नऊ वर्षं गेली. दरवर्षी तो हात चष्मेवाल्यांना जास्तच जड वाटे.

नऊ वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा भाऊ परगावी होता. "दोन दिवस आहेत, सगळ्यांना बोलवा," असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. चष्मेवाल्यांनी फोन केला तो सगळं संपल्यावर. "अचानक झालं," म्हणाले. चार वर्षं आईचं सगळं यांनी केलं आणि तिच्या तोंडी सदा धाकट्याचं नाव. शेवटचे दोन दिवस तरी ती आपल्या एकट्याची असावी, एवढंच त्यांना वाटलं होतं.

यंदा उपासाच्या दिवशी सिनेगॉगमध्ये सगळे उभे राहून एकेक पाप उच्चारत छातीवर मूठ मारत होते. 'आम्ही खोटं बोललो' म्हणताना चष्मेवाल्यांची मूठ उचललीच गेली नाही. त्या 'आम्ही'च्या गर्दीत आपण इतकी वर्षं बिनबोभाट लपलो, या लाजेने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारच्या प्रार्थनेआधी थोडी सवड असते. भाऊ बाहेर पायरीवर बसला होता, त्या दिवशी चामडं वर्ज्य म्हणून कापडी बुटांत. शेजारी बसून चष्मेवाल्यांनी सगळं सांगून टाकलं.

भावाने बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाला, "तिने माझ्याबद्दल विचारलं होतं?"

नाही म्हणणं सोपं होतं. दयाळूपणाचंही दिसलं असतं.

"सारखं विचारत होती," चष्मेवाले म्हणाले. "मी सांगायचो, त्याला सुट्टी मिळत नाहीये."

भाऊ उठला. "माझी माफी राहू दे, दादा. आईची कधी मागितलीस?"

सगळ्या गल्लीची माफी मागून झाली होती, पण आईचीही माफी मागायची राहिलीय, हे नऊ वर्षांत चष्मेवाल्यांच्या एकदाही मनात आलं नव्हतं.