काटा खाली येईपर्यंत

वहिनींचा फोन आला तेव्हा मी हैदराबादेत, हिमायतनगरच्या आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते. "सुधाताई, हे उठतच नाहीयेत हो..." एवढंच त्या बोलल्या. मी पोचले तोवर शेजारचे डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच गेला दादा. निवृत्त होऊन विजयवाड्याहून नल्लकुंट्याच्या घरी कायमचा परत आला, त्याला पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. आता सहा आठवडे होतील. लोक भेटायला येतात, त्याच्या शांत स्वभावाबद्दल भरभरून बोलतात आणि मी नुसती मान हलवते. माझा दादा मुळात शांत नव्हता. तो बोलका होता, हट्टी होता, समोरच्याला समजेपर्यंत समजावत बसणारा होता.

श्रीपाद, माझा थोरला भाऊ, सरकारी खात्यात इंजिनिअर होता. आमचे वडील नांदेडकडचे. छप्पन साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, पण नोकरी हैदराबादेत म्हणून ते इथेच राहिले. पुढे त्यांची कर्नूलला बदली झाली आणि दादाची शाळा तिथे झाली. एवढ्याशा गोष्टीनं चाळीस वर्षांनी घात केला. आंध्रातून तेलंगण वेगळं होऊन राज्याचे दोन भाग झाले, कर्मचाऱ्यांची वाटणी सुरू झाली आणि शाळेच्या दाखल्यांवरून दादा पलीकडच्या राज्याचा ठरला. "जन्म इथल्या नामपल्लीचा, घर नल्लकुंट्याला, भाषा मराठी... आणि हे मला विचारतात, तुम्ही कुठले!" असं म्हणून तो हसला होता. हसू फार टिकलं नाही. आईनं ब्याऐंशी ओलांडलेली, तिला हलवणं शक्य नव्हतं. वहिनी तिच्याजवळ राहिल्या. दादानं फेरविचाराचा अर्ज टाकला आणि एकटाच विजयवाड्याला गेला.

शनिवार-रविवार घरी येता यावं म्हणून त्यानं एक जुनी टर्बो डिझेल गाडी घेतली आणि तिच्या डॅशबोर्डवर एक जादा काटा बसवून घेतला, एंजिनातून बाहेर पडणारा धूर किती तापलाय ते दाखवणारा. घरी येणाऱ्या प्रत्येकाला तो टर्बो समजावून सांगायचा. त्या तापलेल्या धुराच्या जोरावर एक छोटं चाक गरगर फिरतं, त्याचा दांडा तेलावर तरंगतो. हायवेवरून पळवत आणलेली गाडी एकदम बंद केली की तेल जागच्या जागी थांबतं आणि तापलेल्या दांड्यावर जळून त्याचा कोळसा होतो. म्हणून वाटेत चहाला थांबला तरी दोन-तीन मिनिटं एंजिन हळू चालू ठेवून तो गाडीतच बसायचा. घराच्या फाटकाशीही तेच. वहिनी वरून हाका मारायच्या आणि हा खालून बोट दाखवायचा... काटा खाली येऊ दे.

एका शनिवारी दुपारी मी नल्लकुंट्याला असतानाच आई जेवताजेवता एका बाजूला कलंडली. आम्ही ॲम्ब्युलन्सला फोन केला. ती आली का बघायला मी धावत खाली गेले, तर फाटकाशी दादाची गाडी उभी. एंजिन सुरू, दादा आत, नजर समोर. "दादा, आई बघ!" मी ओरडले. तसाच वर धावला, तिला उचलून आणलं, त्याच गाडीतून आम्ही तिला दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी ती गेली. तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात, वहिनींच्या देखत, मी त्याला म्हणाले, "तुझी गाडी थंड व्हायची वाट बघत बसलास तू. आईला तेवढा वेळ नव्हता."

त्यानं मान वर केली नाही. एरवी तासभर वाद घालणारा माझा भाऊ एक अक्षर बोलला नाही.

वर्षभरानंतर एका लग्नासाठी मी त्याच्याबरोबर विजयवाड्याला गेले होते. येताना सूर्यापेटच्या जवळ गाडीचा जोरच गेला, मागून निळसर धुराचे लोट निघाले. गाडी ओढत एका गॅरेजात नेली. मिस्त्रीनं टर्बो उघडला, काळाठिक्कर दांडा बोटानं हलवून दाखवला आणि विचारलं, "साब, हायवे से उतरके गरम गाडी फौरन बंद करते क्या आप?"

"हौ," दादा म्हणाला.

"नक्को करना था साब."

"मालूम है."

माझ्या त्या बोलण्यानंतर वर्षभर हा माणूस जिथे थांबेल तिथे त्या क्षणी चावी फिरवत होता. सगळं ठाऊक असून.

बाहेरच्या बाकावर बसलो. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "सुधे, त्या दिवशी मी गाडीसाठी नव्हतो बसलो. काटा तर शहरात शिरताना दिलसुखनगरच्या ट्रॅफिकमध्येच खाली आला होता. माझा अर्ज फेटाळला गेला होता. आईला ते कसं सांगायचं, ते जमवत होतो... दहा मिनिटं तरी बसलो असेन. तू म्हणालीस ते खरंच होतं."

मग मला सांगावंच लागलं. मेंदूत फार मोठा रक्तस्राव झाला होता, तासभर आधी आणलं असतं तरी आई वाचली नसती, असं डॉक्टर म्हणाले होते. मला एकटीला बाजूला घेऊन म्हणाले होते.

दादा माझ्याकडे वळला. "हे तुला कधीपासून माहीत होतं?"

"तिला दवाखान्यात नेलं त्या पहिल्याच संध्याकाळपासून."

रागावेल असं वाटलं. तो उठला, मिस्त्रीला काय करायचं ते सांगितलं आणि म्हणाला, "चल, बस येईल." हैदराबाद येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता.

निवृत्त होऊन परतल्यावर दर रविवारी अकराच्या सुमारास तो माझ्याकडे यायचा. पोहे खायचा, पेपर चाळायचा, नातवंडांची चौकशी करायचा. निघताना दारात चपला घालताघालता विचारायचा, "काही सांगायचं राहिलं नाही ना, सुधे?" त्यात टोमणा होता की निव्वळ काळजी, मला कधी कळलं नाही. मी म्हणायची, "नाही रे." शेवटच्या रविवारीही म्हणाले.

अजून रविवारी अकरा वाजले की मी दाराची कडी काढून ठेवते. 'माझं चुकलं' एवढंच सांगायचं राहिलं होतं. तो दर आठवड्याला विचारत होता आणि मी नाही म्हणत होते.