वाटीतला बर्फ

अमेरिकेतल्या आमच्या रेडमंडला नवं मराठी बिऱ्हाड आलं की दादाराव काका त्यांना बर्फ दाखवायला डोंगरात नेणार, हे ठरलेलंच. माणूस मूळ नागपूरचा, पुलांचा इंजिनीअर. पण मिरवायचा असा की जणू तो डोंगर त्यानंच बांधलाय. व्हॅनमध्ये पुऱ्या, बटाट्याची भाजी, चहाचे थर्मास आणि विसरभोळ्यांसाठी जास्तीचे हातमोजे. आम्ही साडीखाली दोन-दोन मोजे चढवून घसरायचो. इतकं हसणं पुन्हा कधी झालं नाही.

जागा निवडायची आमची पद्धत एकच, ऊन बघून चटई टाकायची. थंडीत ऊन खात बसायची सवय अमेरिकेत येऊन थोडीच जाते? त्र्याण्णवला आम्ही असेच एका उघड्या उताराखाली ऐसपैस बसलो. दोन्ही बाजूंना दाट झाडी, मधल्या पट्ट्यात एकही झाड नाही. जंगलखात्याच्या रेंजरनं येऊन जवळजवळ हाकललंच. दुपारी उन्हानं सैल झालेला उतारावरचा बर्फ धाडकन खाली आला आणि आमच्या पंगतीची जागा गाडली गेली. तिथं झाडं का नव्हती, ते तेव्हा कळलं.

त्यानंतर निघण्याआधी काका हिमस्खलनाच्या इशाऱ्याची फोनवरची रेकॉर्ड ऐकू लागले.

पुढे काही वर्षांनी त्यांची आई, जाईबाई, नागपूरहून आल्या. पंचाहत्तरी उलटलेली, गुडघे गेलेले. पुन्हा येणं व्हायचं नाही, हे मायलेकांना ठाऊक होतं. त्यांना हौस एकच, बर्फ हातात धरायची. पण तो हिवाळा लहरी निघाला. बर्फावर पाऊस, मग गारठा, परत बर्फ. थरावर थर, पण एकाची दुसऱ्यावर पकड नाही. दर शनिवारी काका रेकॉर्ड ऐकायचे आणि ट्रिप कॅन्सल करायचे. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी लख्ख ऊन पडलं. जाईबाई स्वेटरवर स्वेटर घालून सोफ्यावर तयार बसल्या होत्या. काकांनी फोन ठेवला आणि नाही म्हणून मान हलवली.

"काका, आज तर वेदर एकदम मस्त आहे," मी म्हटलं. मला गप्प बसवत नाही.

"ऊन आहे, म्हणूनच नको."

"राहू दे रे बाबू," जाईबाई म्हणाल्या. "डोंगर काही पळून नाही जात."

काका गराजात गेले. डीप फ्रीजरच्या कडांना धरलेला बर्फ उलथन्यानं खरवडून स्टीलच्या वाटीत घेऊन आले आणि आईच्या तळहातावर ठेवला. तो विरघळेपर्यंत त्या बघत राहिल्या. मला रडू आलं.

त्या दिवशी डोंगरात काहीच कोसळलं नाही. आमच्या मराठी मंडळात काकांची पुष्कळ टिंगल झाली.

पुढच्याच वर्षी जाईबाई गेल्या. काका नागपूरला पोचले, तेव्हा शेजारीण त्यांना म्हणाली, "लेकानं डोंगरावर नेलं, गुडघाभर बर्फात उभं केलं, असं साऱ्या मोहल्ल्याला सांगत होती तुमची माय."

काकांनी तिला खरं सांगितलं नाही. परत आल्यावर मला मात्र हे सगळं सांगितलं.

"उभ्या जन्मात खोटं बोलली नव्हती गं ती," ते म्हणाले.