बियाण्याला रकाना नव्हता

आमचे दानीएल मास्तर कधी खोटं बोलायचे नाहीत, आणि त्याचा मला जन्मभर वैताग होता. कुणी दारात येऊन "जेवलात का?" म्हणालं, की हे सरळ सांगणार, "नाही, घरात पीठ नाही." अहो, माझ्या अब्रूचं काही! पण खर्ड्याजवळच्या आमच्या गावात मिशनची शाळा यांनी अशाच जिभेवर चालवली. ख्रिस्ती असो की हिंदू, यांच्यापुढं खोटं बोलायला माणूस कचरायचा.

लढाईच्या दिवसांत लेव्हीचा हुकूम निघाला. कुणाकडं किती ज्वारी ते छापील पत्रकावर लिहून द्यायचं, खाण्यापुरती ठेवून बाकीची सरकार नेणार. गावात लिहिणारे एकटे हेच. शेजारच्या गावांनी निम्मंशिम्मं सांगून वेळ मारून नेली. आमच्याकडं हे ओट्यावर बसून एकेकाला विचारणार, "देवाला स्मरून सांग, पेवात किती?"

मी आतून ओरडले, "सांगतील ते लिहा की! खोदून कशाला विचारता?"

"सरकारला खरं कळलं तर सरकार न्यायानं वागेल," म्हणाले. मी हात टेकले.

मनकर्णा आमच्या शेजारची. नवरा गेलेला, जमिनीच्या एका तुकड्यावर जगायची. खळ्यावर शाळूची टपोरी कणसं निवडून ती चुलीवर आढ्याला टांगून ठेवायची, धुरानं कीड लागत नाही म्हणून. ते पुढच्या सालाचं बियाणं. उपाशी राहतील, पण त्या कणसांना आमच्याकडं कुणी हात लावत नाही. मास्तरांनी विचारलं, तिनं तीही सांगून टाकली. यांनी लिहिली, आणि पुढं शब्द घातला, "बियाणं".

अंमलदार आला तो पायातल्या जोड्यासकट तिच्या चुलीपाशी गेला. मास्तर धावले, "साहेब, ते बियाणं आहे!"

त्यानं पत्रक यांच्या नाकासमोर धरलं. "बियाण्याला रकाना नाही. धान्य ते धान्य. आणि अक्षर तुमचंच ना?"

शिपायानं विळ्यानं दोऱ्या कापल्या. मनकर्णा रडली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. मास्तरांकडं बघून एवढंच म्हणाली, "तुमी इचारलं म्हनून सांगितलं, मास्तर."

त्या साली तिनं रेशनची किडकी ज्वारी पेरली. उगवलीच नाही. हे रोज सकाळी तिच्या रानात जाऊन माती उकरून बघायचे. दिवाळीनंतर ती सुप्याकडं सडकेवर खडी फोडायला गेली, ती परत काही आली नाही.

शहरात माणसं उपाशी होती, सरकारला ज्वारी हवी होती, सगळं कबूल. पण बाईच्या आढ्यात हात घालायचा हक्क त्या सरकारी माणसांना कुणी दिला? मेल्यांनो, चूल तरी सोडायची!

स्वातंत्र्याचा झेंडा लागला तेव्हा मास्तरांनी पोरांना गूळ वाटला. मलाही वाटलं, सुटलो बाई. काही दिवस पत्रकं बंद झाली, मग पुन्हा आली. शिक्का तेवढा नवा. मास्तरांनी कागद हातात घेऊन आधी रकाने बघितले. बियाण्याला नव्हताच. कचेरीत त्यासाठी यांनी दोन अर्ज केले होते, उत्तर कुणी दिलं नव्हतं.

या खेपेला यांनी कुणाला काही विचारलं नाही. सहादेव म्हणाला, "दोन पोती लिवा." त्याच्या पेवात दहा आहेत हे सगळ्या गावाला ठाऊक. यांनी दोन लिहिली. तळाला छापलं होतं, "वरील माहिती खरी आहे." तिथं सही केली. अशा सह्या साठ पत्रकांवर केल्या. मी पहिल्या दिवसापासून सांगत होते तेच केलं त्यांनी, पण मला कसला म्हणून आनंद झाला नाही.

दिवेलागणीला प्रार्थनेला बसलो. लग्न झाल्यापासून प्रार्थना तेच चालवायचे. त्यांनी पवित्र शास्त्र उघडलं, मिटलं, आणि माझ्याकडं सरकवलं.

"कृपा, आजपासून तू करत जा."

"अहो, सगळा गाव खोटं सांगतोय. तुमचंच काय एवढं!"

त्यांनी हात जोडून डोळे मिटले. पुढं सात वर्षं जगले, पण घरची प्रार्थना मीच केली.